डावा खांदा

मालक गेले तेव्हा त्यांचे सगळे रिपोर्ट चांगले होते. रक्त चांगलं, छाती चांगली, पोट तर कधी नव्हे इतकं शांत. डॉक्टरांनी अक्कांना विचारलं, शेवटी शेवटी काही त्रास जाणवत होता का. अक्का म्हणाल्या, "न्हाय हो. काईच उडत नव्हतं." डॉक्टरांना ते उत्तर विचित्र वाटलं असणार. आमच्या गल्लीत मात्र शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ कळला असता.

मालक म्हणजे माझे घरमालक. भवानी पेठेत त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते. नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, ऑफिसला. माझं गाव अक्कलकोटच्याही पुढं, घरात अर्धं कानडी नि अर्धं मराठी. त्यामुळं मालकांच्या घरातलं तेलुगू मला महिन्याभरात निम्मं कळायला लागलं, आणि उरलेलं निम्मं कळल्यासारखं मान हलवायची कला माझ्याकडं होतीच. मालकांना नाव होतं, पण ते लाइटबिलावर. गल्ली त्यांना मालक म्हणायची नि त्यांच्या बायकोला अक्का.

एकेकाळी मागच्या शेडमध्ये त्यांचे स्वतःचे माग होते. टॉवेल विणायचे. पुढं ते भंगारात गेले, शेड रिकामी झाली, पण मागाच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय काही गेली नाही. मालक कानात सांगायची गोष्टसुद्धा अशी सांगत की कोपऱ्यावरचा पानवाला होकार द्यायचा. माझ्या खोलीवर कोण आलं, किती वेळ बसलं, चहा पिऊन गेलं की नुसतंच गेलं, हे सगळ्या पेठेला त्यांच्या आवाजात कळायचं. पहिल्या वर्षी मी दोनदा खोली बदलायचं ठरवलं. दोन्ही वेळा अक्कांनी वर चटणी-भाकरी पाठवली नि मी गप्प बसले.

तर असा हा माणूस. सकाळी आंघोळ करून बनियन आणि लुंगीवर ओट्यावर बसायचा आणि आपल्या अंगाचं वर्तमान सगळ्या गल्लीला वाचून दाखवायचा. "डावी पापणी! आज कुणी उसनं मागाया आलं तर देऊ नका!" "उजवी पोटरी! प्रवास हाय!" प्रवास म्हणजे बहुतेक वेळा मंगळवारच्या बाजारापर्यंत.

पंचांगात मागच्या पानांवर अंगावर पाल पडल्याची फळं दिलेली असतात ना, तिथंच शेजारी अंग उडाल्याचीही फळं असतात. आपण ती पानं कशाला उघडतो? मालकांच्या आईनं मात्र ती त्यांच्याकडून पाढ्यांसारखी घोकून घेतली होती. पुरुषाची उजवी बाजू चांगली, डावी वाईट. उजवा दंड उडाला की जिवलगाची भेट. डावा खांदा उडाला की ज्याच्या दारात उभे आहात तिथून घात. भुवई, ओठ, मांडी, तळपाय, सगळ्याला अर्थ. "अंग खोटं बोलत न्हाय," हे त्यांचं पेटंट वाक्य. माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, बायको तर बोलतेच बोलते, पण अंग नाही. हे अक्कांसमोर म्हणायचे, आणि अक्का लसूण सोलत "व्हय व्हय" म्हणायच्या.

तुमच्या-माझ्या डोळ्याची पापणी वर्षातून कधीतरी लवते, आपण डोळा चोळतो नि कामाला लागतो. मालकांचं अंग रोज उडायचं. कधी कधी बोलता बोलता त्यांच्या दंडाचं मांस कातडीखाली तुरुतुरु पळताना मी स्वतः पाहिलंय. गालाची शीर उडायची. पोटरीत गोळा यायचा, मग ते ओट्याच्या खांबाला धरून उभे राहायचे नि कळ सोसत सोसत त्याचं फळ सांगायचे. गल्लीला वाटायचं, देवाचा माणूस आहे. समोरचा रिक्षावाला लांबचं भाडं घेण्याआधी रिक्षा थांबवून विचारायचा, "क्या चचा, आज क्या फडक रा?" मालक उजवं सांगेपर्यंत तो किक मारत नसे. चेष्टा होती, पण निम्मीच. उरलेली निम्मी श्रद्धा, आणि सोलापूरच्या उन्हात रिक्षा चालवणाऱ्याला तेवढी लागतेच.

दुसरी गोष्ट म्हणजे गोळी.

मालकांना पित्त होतं. होणारच. शेंगाची चटणी आम्ही सगळेच खातो, पण हा माणूस चटणीला भाकरी लावून खायचा. वर मिरचीची भजी, वर कडक चहा. कधीकाळी छातीत जळजळ होते म्हणून कुणा डॉक्टरनं सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. पंधरा दिवस संपले, डॉक्टर दवाखाना बंद करून पुण्याला गेला, मालकांची गोळी चालूच. पोरगा शाळेत होता तेव्हापासून. औषधाच्या दुकानात चिठ्ठी विचारायची कुणाची टाप नव्हती. मालक आत शिरले की दुकानदार पाकीट काढून ठेवायचा.

नुसती स्वतः खात नव्हते, वाटायचेही. लोक पाहुण्याला जेवणानंतर बडीशेप देतात, मालक गोळी द्यायचे. "घ्या की, घ्या. लई हलकी हाय. पोटाला पंखा लावल्यागत वाटतंय." माझ्या तर रोज दाराशी ठेवायचे, कारण कारखान्याच्या डब्यानं माझं पोट बिघडतं असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी गोळी घ्यायची, हसायची आणि वर जाऊन कुंडीत टाकायची. माझ्या कुंडीतल्या मिरचीला जन्मात कधी पित्त झालं नाही.

या दोन गोष्टी, गोळी आणि उडणं, शेजारी शेजारी राहत होत्या, एका ताटात जेवत होत्या, आणि कुणालाही त्यांचं नातं दिसलं नाही. मलाही नाही. कसं दिसणार? गोळी औषधाच्या दुकानातून यायची नि उडणं देवाकडून.

आता पोराचं सांगते, कारण त्याच्याशिवाय मालक सांगून होत नाहीत.

एकच मुलगा. बापासारखाच उंच, पण आवाज बाईसारखा मऊ. एमआयडीसीतच एका शेडमध्ये माग सांभाळायचा. त्याच्यासाठी मुलगी बघायला जायचं ठरलं तेव्हा अक्का मला म्हणाल्या, "ताई, तुमी चला. शिकलेलं कुणीतरी बरोबर असावं." म्हणून मी गेले. मुलीचं घर विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत. आई विड्या वळणारी, मुलगीही वळणारी, वडील दम्यानं बसलेले. घर दोन खोल्यांचं, पण शेणानं सारवल्यासारखं स्वच्छ, फरशीवर बसताना आपलेच पाय मळके वाटावेत असं. मुलगी सावळी, नाकात चमकी, मान खाली पण ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलेलं. तिनं सुशीला केला होता. मुरमुऱ्यांचा सुशीला सोलापुरात कुठंही मिळतो, पण त्या घरातला मला अजून आठवतो. पोरानं तिच्याकडं एकदा पाहिलं नि परत पाहिलं, आणि मग बशीतला एक एक दाणा मोजल्यासारखा खाऊ लागला. अक्कांनी मला कोपरानं ढोसलं. जमलं म्हणून.

आणि मालक उठले.

बशी खाली ठेवली, डाव्या खांद्यावर उजवा हात दाबून धरला नि उभे राहिले. सगळ्यांना वाटलं पाणी हवंय. मालक त्यांच्या त्या मागाच्या आवाजात म्हणाले, "खांदा उडाला. डावा. हितं न्हाय जमायचं. चला."

मुलीचे वडील भिंतीला धरून उठायला बघत होते. "अहो, काय झालं, काय चुकलं का?" मालक म्हणाले, "तुमचं काय चुकलं न्हाय. पोरीच्या पायात घात हाय. अंग खोटं बोलत न्हाय." शेजारच्या घरांतल्या बायका दारात आल्या होत्या. त्या आवाजाला कुठल्या भिंती अडवणार होत्या? पोरगा "नायना, बसा, नायना," करत बापाचा हात ओढत होता. नायना म्हणजे बाबा. नायना बाहेर पडून चपला घालत होते. मी मागं वळून पाहिलं तर मुलगी तशीच उभी होती, हातात पाण्याचा तांब्या.

घरी आल्यावर पोरगा बापाशी पहिल्यांदा नि शेवटचा भांडला. मला ती मुलगी पसंत आहे म्हणाला. बाप म्हणाला, मी जिवंत असेपर्यंत नाही. पोरगा म्हणाला, मग माझा चेहरा बघायचा नाही. बॅग भरली नि भिवंडीला गेला. जायचंच होतं तर त्या मुलीला घेऊन जायचं, असं मला तेव्हाही वाटलं नि आजही वाटतं. पण नाही. साहेब रुसून एकटेच गेले. गल्लीभर हळहळ झाली, बिचारा पोरगा, बिचारी आई. पोरीचं नाव कुणी काढलं नाही.

नंतर तो गुपचूप अक्कांना फोन करायचा. भिवंडीतच त्यानं लग्न केलं, एक मुलगीही झाली. त्याचं म्हणणं एकच: नायनांनी एकदा म्हणावं की त्या दिवशी माझं चुकलं. एवढंच. मी त्याच दिवशी गाडी धरतो. अक्का ते मालकांना सांगायच्या. पाया पडायच्या. मालक म्हणायचे, "मी कसं म्हणू? मी उठलो व्हय? मला उठवलं. अंग खोटं बोलत न्हाय." एका वाक्यासाठी घर अडून राहिलं होतं.

आणि गंमत बघा, गंमत म्हणायची जीभ होत नाही, पण बघा: त्याच अंगानं त्यांना पोराची आशाही लावली. पोरगा गेल्यापासून त्यांचा उजवा दंड उडायला लागला. खरं म्हणजे आधीही उडत असणार, पण आता त्यांचं सगळं ध्यान तिथं. दंड उडाला की ओट्यावरून आत ओरडायचे, "वस्तडु!" म्हणजे येतोय. "अगं, वस्तडु! भात वाढीव टाक!" अक्का वाढीव भात टाकायच्या. संध्याकाळ व्हायची, कुणी यायचं नाही. मालक म्हणायचे, "निघाला हुता. कुर्डुवाडीतनं माघारी गेला आसंल. बापावर गेलाय, हट्टी." तो वाढीव भात दुसऱ्या दिवशी फोडणी घालून मला वर यायचा. किती वेळा खाल्ला असेन. घशाखाली उतरायचा नाही, पण परत पाठवला तर अक्कांना काय वाटेल म्हणून खायची.

मग मालक खंगत गेले. हात थरथरायला लागला, चहा बशीत सांडायचा. पायांत गोळे यायचे. रात्रभर कण्हायचे नि सकाळी गोळी घ्यायचे, कारण जागरणानं पित्त होतं. एका दुपारी, मी सुट्टीमुळं घरीच होते, अक्कांची हाक आली. नुसती हाक नव्हती ती. खाली गेले तर मालक ओट्यावर आडवे, डोळे पांढरे, सगळं अंगच उडत होतं. उजवं-डावं काही राहिलंच नव्हतं. समोरच्या रिक्षावाल्यानं त्यांना उचलून रिक्षात घातलं. या वेळी उजवं-डावं न विचारता त्यानं किक मारली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती, बोलायला सरळ. रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? अक्का म्हणाल्या, औषध असं काई न्हाय. मग पदराची गाठ सोडून गोळ्यांचं पाकीट काढलं, "ही तेवढी, पोटाची." डॉक्टरनं पाकीट उलटसुलट केलं. "कधीपासून?" अक्का म्हणाल्या, "पोरगा चौथीत का पाचवीत हुता बगा." डॉक्टर खुर्चीत मागं टेकली.

तिनं समजावून सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. गोळी वाईट नाही. पंधरा दिवस, महिना, लागेल तेवढी घ्यावी, डॉक्टरला विचारून. पण अशी वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम कमी होत जातं. ते कमी झालं की स्नायू आपोआप उडायला लागतात, पापणी लवते, गोळे येतात. फारच कमी झालं की झटके येतात, हृदयालाही धोका. मालकांच्या रक्तात ते जवळजवळ संपलं होतं.

मालक पडल्या पडल्या ऐकत होते. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. म्हणाले, "म्हंजे उडत हुतं ते गोळीनं?"

"असू शकतं, काका. गोळी बंद करू, सलाइनमधून मॅग्नेशियम देऊ. उडायचं थांबलं की कळेलच."

"आनि खांदा?"

"कुठला खांदा?"

मला ती फार चांगली संधी वाटली. मी कॉटजवळ जाऊन म्हटलं, "मालक, आता तुम्हाला म्हणता येतंय की. गोळीमुळं झालं म्हणा. तुमची चूक नाही, देवाची नाही, कुणाचीच नाही. पोरगा उद्या येईल."

मालकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी एक पाऊल मागं सरले. "म्याडम, देवानं उठवलं म्हणून मी तिथनं उठलो. गोळीनं उठवलं म्हणता? मग ते घर, ती पोरगी, माझा पोरगा, सगळं एका गोळीपायी घालवलं मी? हे न्हाय चालत मला." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. डॉक्टर 'असू शकतं' म्हणाली होती, 'आहे' म्हणाली नव्हती. तेवढ्या फटीत ते पाय रोवून उभे होते.

पण सलाइन काही त्यांचं ऐकणारी नव्हती. दोन-तीन दिवसांत पापणी थांबली. गाल थांबला. पोटऱ्या मऊ पडल्या. माणूस कित्येक वर्षांनी शांत झोपला. आणि जागं झाल्यावर त्यांनी काय केलं? डाव्या हातानं आपला उजवा दंड चाचपला. दाबला. चिमटा काढला. दंड निपचित. मग अक्कांना म्हणाले, "एक गोळी दे."

अक्का म्हणाल्या, "डाक्टरनं बंद केलीया."

"एकच दे. हात गप झालाय गं. त्याचा रस्ता बंद झाला. आता तो कसा येनार?"

मी त्या माणसावर इतकी वर्षं चिडले, पण त्या दिवशी चिडता आलं नाही. मोठा माणूस, पांढऱ्या मिशा, हात जोडून बायकोकडं गोळी मागत होता, अंग परत उडावं म्हणून. मरायला कारण होईल हे त्याला डॉक्टरनं सांगितलं होतं. ते त्याला चालत होतं. पाकीट अजून अक्कांच्या पदरात होतं. त्या उठल्या, दवाखान्याच्या व्हरांड्यात गेल्या, पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि माझ्या फोनवरून पोराला फोन लावला. तेलुगूत बोलल्या, पण ते सगळं मला कळलं. "तुझा बाप काय म्हणतोय त्याची वाट बघू नकोस. तो म्हणणार नाही. तू ये. माझ्यासाठी ये." एवढंच बोलून फोन माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. बसनं आला होता, डोळे लाल, केस मागं गेलेले, पोट सुटलेलं. मालकांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. तो कॉटच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला नि म्हणाला, "नायना."

मालकांनी त्याच्याकडं पाहिलं. मग आपल्या उजव्या दंडाकडं पाहिलं. मग परत त्याच्याकडं. आनंदाचा कसलाही मागमूस तोंडावर नव्हता. मला वाटलं, भ्रम झाला, ओळखलं नाही.

"कवा निघालास?"

"काल दुपारी."

"काल दुपारी हात उडाला न्हाय माझा," मालक म्हणाले. "रातच्याला बी न्हाय. आज बी न्हाय." "उडाला तवा आला न्हाईस. न्हाय उडाला तर आलास."

पोराला त्यातलं काय कळलं देव जाणे. तो म्हणाला, "जाऊ द्या नायना, आलो की मी."

"म्हंजे खांदा बी खोटा."

हे वाक्य ऐकायला पोरगा इतकी वर्षं भिवंडीत रुसून बसला होता. ते मिळालं तेव्हा त्याला ते नको होतं. बापाचे पाय चेपत बसला नि "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणत राहिला. मालक म्हणाले, "तुझं जाऊ दिलं. तू बायकापोरांचा झालास. त्या पोरीचं कसं जाऊ देऊ?"

घरी आल्यावर त्यांनी एकच धोशा लावला. त्या घरी जायचं. जिथं बोललो तिथंच उभं राहून सांगायचं की माझं चुकलं. पोराला म्हणाले, तूही चल. पोरगा म्हणाला, "मी कशाला? माझं लग्न झालंय. उगं तिला त्रास." आणि रजा संपली म्हणून तो परत गेला. बायको-मुलीला घेऊन येतो म्हणाला, आणि आलाही नंतर, दर सुट्टीला येत राहिला, ते खोटं नाही. पण त्या दिवशी आम्ही तिघंच निघालो. मालक, अक्का नि मी. मला न्यायचं कारण अक्कांनी सांगितलं, "ताई, ते गोळीचं तुमीच नीट सांगा. आमाला त्या रक्तातल्या मिठाचं नाव घेता येत न्हाय."

मालकांनी इस्त्रीचं पांढरं धोतर नेसलं होतं. कुणाच्याही दारापर्यंत ऐकू जाणारा तो आवाज दवाखान्यातच राहिला होता.

घर तेच. वडील वारले होते. आई आत खाटेवर, तिला ऐकू कमी येत होतं. मुलगी दारात सूप मांडीवर घेऊन बसली होती, सुपात तंबाखू, शेजारी कापलेल्या पानांची चळत. मुलगी कसली, केसांत पांढरं दिसत होतं. लग्न झालेलं नव्हतं. पायात घात असलेली पोरगी कोण करणार? एवढ्या मोठ्यानं सांगितलेली गोष्ट सगळ्या घरकुलाला पाठ होती. तिनं आम्हाला ओळखलं. ताबडतोब ओळखलं. उठून सतरंजी टाकली, पाणी दिलं, आणि परत सूप मांडीवर घेऊन बसली.

मालक बसले नाहीत. उभं राहून, हात जोडून, जमेल तसं बोलले. की त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं. की मी वर्षानुवर्षं पित्ताची गोळी खात होतो, त्यानं माझं अंग उडत होतं, मला वाटलं शकुन आहे. शकुन नव्हता. तुझ्यात काही नव्हतं, पोरी. मग माझ्याकडं पाहिलं. मी मॅग्नेशियमचं सांगायला सुरुवात केली, डॉक्टरनं सांगितलं तसं. तिनं मान डोलवत ऐकून घेतलं. ऐकताना बोटं थांबली नव्हती. पान, चिमूटभर तंबाखू, वळी, दोरा.

"आला का तुमचा मुलगा?" तिनं विचारलं.

"आला हुता," अक्का म्हणाल्या.

"बरं झालं."

अक्का डोळे पुसत होत्या. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. तिनं हातातल्या विडीला दोरा गुंडाळला, ती जुडीत ठेवली नि मालकांकडं मान वर केली. रागानं नाही. अगदी साधं, माहिती विचारावी तसं विचारलं.

"मामा, तुमाला शास्त्र सगळं माहीत असतंय. बायकांचं उलटं असतंय ना? बाईचा डावा डोळा लवला तर काय म्हणतात?"

इतकी वर्षं ज्यांच्याकडं प्रत्येक शिरेचं उत्तर तयार होतं, त्यांना ते एक उत्तर द्यायला केवढा वेळ लागला. "शुभ," ते म्हणाले. "लगीन जमतंय म्हणतात."

"त्या दिवशी सकाळपासनं माझा डावा डोळा लवत हुता," ती म्हणाली. "आईला सांगितलं मी. आईनं दृष्ट काढली माझी." तिनं पुढचं पान उचललं. "आनि मी कुठली गोळी खात नव्हते, मामा."

मालक खाली बसले. सतरंजीवर नाही, उंबऱ्यावरच. दोन्ही हात तोंडावर घेऊन रडायला लागले, आणि त्या रडण्याला काही आवाजच नव्हता. अक्का त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मुलगी उठली नाही. तंबाखूत पाणी पडू नये म्हणून तिनं सूप जरा आपल्याकडं ओढून घेतलं.

"संध्याकाळच्या आत द्यायच्यात," ती मला म्हणाली, आणि पान वळायला लागली.